आठवणींचं पुस्तक म्हणजे कादंबरीचं गाईड नव्हे

नागपुरात महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकावर बोलायला दहा माणसं जमली की पहिल्या पंधरा मिनिटांत एक प्रश्न येतोच : हा वाडा नेमका कोणाचा? कोणी लेखकाचं जन्मगाव पारवा, त्याचं नाव घेतं, कोणी यवतमाळकडच्या आपल्या मामाच्या घराचं, कोणी शहरातल्या महाल भागातल्या एखाद्या पडक्या दरवाज्याचं. मग ‘मौनराग’ हे त्यांचं आठवणींच्या लेखांचं पुस्तक वाचलेलं कोणीतरी पुढे सरसावतं आणि त्यातल्या आठवणी नाटकातल्या माणसांवर एकेक करून चिकटवायला लागतं. आई ती हीच, घर ते हेच. अर्ध्या तासात नाटक बाजूला पडतं आणि एलकुंचवारांच्या घराण्याची चौकशी सुरू होते.

वाचकाला असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि लेखक आपल्याच शहरात राहणारा असला की ही ओढ दुप्पट होते. पण त्यामुळे दोन्ही पुस्तकांचं नुकसान होतं. दहावीच्या मुलाने धडा न वाचता गाईडातली उत्तरं पाठ करावीत, तसं आपण आठवणींच्या पुस्तकाचं करतो. खरं म्हणजे तेही त्याच लेखकाने रचलेलं पुस्तक असतं. काय सांगायचं, काय गाळायचं, कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं हे त्यानेच ठरवलेलं असतं. वाचकाने प्रतिक्रिया द्यायची ती या दोन रचनांमधल्या अंतरावर. ते अंतर कसं मोजायचं, वाचनगटात त्यावर कसं बोलायचं आणि लेखकाला किंवा नियतकालिकाला कसं लिहायचं, एवढ्यापुरतीच ही पोस्ट आहे.

आधी क्रम. कथा, कादंबरी किंवा नाटक आधी वाचावं, आठवणींचं पुस्तक नंतर. उलट केलं तर काय होतं ते लगेच दिसतं : कादंबरीत ‘आई’ हा शब्द आला की वाचकाच्या डोळ्यांपुढे आठवणींच्या पुस्तकातली आई उभी राहते, तिचं नाव, तिचं माहेर, तिच्या फोटोसकट. मग कादंबरीने त्या आईला जे दिलेलं नाही तेही वाचक मनानेच भरून घेतो, आणि जे मुद्दाम वेगळं दिलंय ते त्याला चूक वाटायला लागतं. दोन पुस्तकांमध्ये दहा-पंधरा दिवस जाऊ द्यावेत. त्याहून जास्त गेले तर तपशील विसरतात, कमी गेले तर सरमिसळ होते. गटात कोणी आठवणींचं पुस्तक आधीच वाचलेलं असेल तर त्याला काही लपवायला सांगू नये, तासभर थांबायला सांगावं. पहिल्या बैठकीत त्याने फक्त गोष्टीवर बोलायचं, एवढी एक अट पुरते.

प्रतींचं गणित बहुतेक गट विसरतात. दहा वाचक आणि तीन प्रती असतील तर चार फेऱ्या होतात. प्रत्येकाला आठ दिवस दिले तर एक पुस्तक सगळ्यांचं वाचून व्हायला बत्तीस दिवस. म्हणून दोन पुस्तकांच्या दोन बैठका सव्वा ते दीड महिन्याच्या अंतराने ठेवाव्यात. घाईने दोन्ही पुस्तकं एकदमच फिरवायला काढली की निम्म्या लोकांच्या हाती आठवणींचं पुस्तक आधी पडतं आणि क्रमाची सगळी मेहनत वाया जाते. वाचनालयाची प्रत असेल तर पेन्सिलसुद्धा लावू नये. कागदाच्या अरुंद चिठ्ठ्या घालाव्यात, एका पुस्तकात बारापेक्षा जास्त नाही. चाळीस चिठ्ठ्या घातलेलं पुस्तक बैठकीत उघडलं की बोलणारा पानंच चाळत बसतो.

पान क्रमांकांचा घोळ हमखास होतो. एकाकडे पहिली आवृत्ती, दुसऱ्याकडे नंतरची, आणि ‘पान 84 काढा’ म्हटलं की पाच जणांच्या समोर पाच वेगळे परिच्छेद. नवीन आवृत्तीत अक्षरजुळणी बदलली की पानं सरकतात. पुनर्मुद्रणात सहसा सरकत नाहीत. यावर उपाय सोपा आहे : नोंद करताना पानासोबत प्रकरणाचं नाव आणि परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्द लिहायचे. शीर्षकाच्या पानामागे छापलेलं आवृत्तीचं साल वहीत पहिल्याच ओळीत टिपायचं, कारण काही लेखक नंतरच्या आवृत्तीत मजकूर बदलतात आणि मनोगत तर पुष्कळदा नवं असतं.

आता वहीबद्दल. फुलस्केप वहीचं एक आडवं पान घ्यावं आणि चार रकाने पाडावेत. पहिल्यात वस्तू किंवा प्रसंग, दुसऱ्यात तो गोष्टीत कसा येतो, तिसऱ्यात आठवणींच्या पुस्तकात कसा येतो, चौथ्यात फरक. पहिल्या रकान्यात माणसांची नावं शक्यतो लिहू नयेत. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. ‘आई’, ‘काका’, ‘आजी’ अशा नोंदी केल्या की आपण पुन्हा ओळख पटवण्याच्या कामाला लागतो. त्याऐवजी वस्तू घ्याव्यात : घड्याळ, दागिने, चूल, विहीर, टोपली, पत्र, शाळेची पाटी. वस्तू दोन पुस्तकांत वेगवेगळं काम करतात आणि ते काम दाखवता येतं.

‘वाडा चिरेबंदी’तला ट्रॅक्टर घ्या. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यापुढे तो गंजत पडला आहे, येणारे-जाणारे त्याला अडखळतात. तो कोणाच्या घरी खरोखर होता का, हा प्रश्न नाटकाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. उपयोगी प्रश्न असा : शेतीत नवं काही करू पाहणाऱ्या घराची ही खूण अंगणातच का ठेवली, आणि ती तिथून हलत का नाही? नाटकात दागिन्यांचंही तसंच. घरातले वडील तात्याजी गेल्यानंतरच्या थोड्याच दिवसांत घरात पैसा नाही, तेराव्याला गावजेवण मात्र घालायचं, आणि दागिन्यांवर सगळ्यांची नजर. नाटक हा सगळा ताण मोजक्या दिवसांत कोंबतं. आठवणींच्या लेखांना अशी घाई नसते. त्यात एका माणसाची आठवण निघते, मध्येच दुसरं गाव येतं, वीस वर्षं मागे-पुढे होतात. वहीच्या चौथ्या रकान्यात ‘काळ आवळला’ एवढं लिहिलं तरी ती पक्की नोंद झाली.

गावाचं नावही तपासण्यासारखं आहे. धरणगाव नावाचं तालुक्याचं गाव जळगाव जिल्ह्यात आहे. नाटकातलं धरणगाव मात्र विदर्भातलं आहे. नकाशात ते सापडल्यावर काही वाचक खान्देशापर्यंत पोहोचतात आणि वऱ्हाडी बोलणारं घर खान्देशात कसं, असा तिढा घालतात. दुसरं, एलकुंचवारांच्या घराण्याचं मूळ तेलुगूभाषक. नाटकातलं घर देशपांड्यांचं, वतनदार, वऱ्हाडी बोलणारं. लेखकाने आपलं घर जसंच्या तसं उचललं असतं तर नाटकातल्या घराची बोली आणि आडनाव दोन्ही वेगळी असती. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी ‘हे त्यांचंच घर’ हे विधान किती घाईचं आहे ते कळतं. तसंच नाटकातल्या सुधीरचं. घर सोडून गेलेला मुलगा म्हणजे लेखक, असा निष्कर्ष वाचक झटकन काढतात, कारण लेखकाचंही गाव लहानपणी शिक्षणासाठी सुटलं. पण लिहिणारा माणूस स्वतःला एकाच पात्रात बसवत नाही. घरात राहून गेलेला भास्कर, शिकायचं राहून गेलेली प्रभा, सगळं सोसून गप्प असणारी आई, या सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो. ‘लेखक कोणता?’ याऐवजी ‘लेखकाने आपली हळहळ कोणाच्या तोंडी दिली?’ असं विचारलं तर चर्चा नाटकातच राहते.

फरकांचे प्रकार मला पाच दिसतात, आणि वहीत त्यांना छोटी नावं दिली की गटात बोलणं सोपं जातं. काळ आवळणं वर आलंच. दोन माणसं एक करणं : दोन मावश्या, दोन मास्तर कथेत एकच होतात, कारण वाचकाच्या डोक्यात जागा थोडी असते. क्रम फिरवणं : आयुष्यात आधी घडलेलं पुस्तकात शेवटी येतं. सांगणारा बदलणं. आणि गाळणं. या पाचांतला चौथा प्रकार सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी नोंदला जाणारा.

त्यासाठी दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) डोळ्यांपुढे ठेवावं. ते आत्मकथन आहे, तरी लेखक सरळ ‘मी’ म्हणून उभा राहत नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, अशी मांडणी आहे. एकाच माणसाची दोन नावं, एक वस्तीतलं आणि एक पांढरपेशा जगातलं, आणि दोघांमधली ओढाताण हाच पुस्तकाचा कणा. म्हणजे ‘आठवणींच्या पुस्तकात लेखक सरळ बोलतो आणि कादंबरीत आडून’ हा समज इथे पहिल्याच पानांवर मोडतो. आठवणींतही सांगणारा घडवावा लागतो. हे ज्या वाचकाला दिसलं, त्याची प्रतिक्रिया आपोआप सुधारते.

गाळण्याबद्दल थोडं जपून बोलावं लागतं. आठवणींच्या पुस्तकात एखाद्या भावाबद्दल दोनच ओळी असतात, आणि वाचक लगेच ‘काहीतरी भानगड असेल’ म्हणतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं : माणूस जिवंत आहे, त्याला विचारलं आणि तो नको म्हणाला, किंवा ती गोष्ट आधीच एका कथेत सांगून झाली आहे आणि लेखकाला ती पुन्हा सांगायची नाही. वहीत ‘गाळलं’ एवढंच लिहावं. कारण लिहू नये, जोवर पुस्तकातच ते सांगितलेलं नाही.

दुसरी जोडी वेगळ्या जातीची घ्यावी, म्हणजे वही नुसती एका लेखकावर बेतली जात नाही. उर्मिला पवारांचे कथासंग्रह, उदाहरणार्थ ‘सहावं बोट’ (1988), आणि त्यांचं आत्मकथन ‘आयदान’ (2003, ग्रंथाली). आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या टोपल्या, सुपं वगैरे वस्तू. कोकणात हे काम महार समाजातली माणसं करत. नागपूरच्या वाचकाला हे आधी अडतं, कारण आपल्याकडे बांबूकाम म्हटलं की बुरड समाज आठवतो. चर्चेत कोणीतरी नक्की विचारतं की टोपल्या तर बुरड विणतात, मग इथे असं कसं. उत्तर पुस्तकाच्या मनोगतातच आहे, म्हणून ‘आयदान’ वाचताना मनोगत सोडून पहिल्या प्रकरणावर उडी मारू नये. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं लेखिका तिथे स्वतःच सांगते. मग ‘टोपली’ ही वहीतली पहिली नोंद होते आणि पुस्तकभर तिचा माग काढता येतो.

या जोडीत कथा आणि आठवण यांच्यातला फरक फार स्वच्छ दिसतो. कथेला कुठेतरी थांबावं लागतं. बाई उठून उभी राहते, काहीतरी ठणकावून बोलते, आणि कथा तिथे संपते. आठवणींत ती बाई दुसऱ्या दिवशीही त्याच घरात उठते. शाळेत शेण काढायला सांगणाऱ्या मास्तरांना आई जाब विचारते, हा ‘आयदान’मधला प्रसंग वाचकांना फार आवडतो आणि बरोबरच आवडतो. पण तो कथेसारखा शेवट नाही. त्यानंतर पुन्हा टोपल्या आहेत, बाजार आहे, पोरांची शाळा आहे. ‘विजयाचा प्रसंग’ म्हणून तो कापून वेगळा काढला की पुस्तकाचा मूळ ताल मोडतो.

आता प्रतिक्रियांमध्ये नेहमी काय बिघडतं ते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार म्हणजे ‘आमच्याकडेही अस्संच झालं होतं ना जी’. नागपूरच्या गटांत याला आवर घालणं अवघड, कारण प्रत्येकाचं एक घर खेड्यात असतं, एक वाटणी झालेली असते, एक आत्या माहेरी राहिलेली असते. ही आठवण सांगणाऱ्याला थांबवू नये, कारण पुस्तकाने ती उकरून काढली ही त्या पुस्तकाची ताकद आहे. पण दोन मिनिटं झाली की एक प्रश्न विचारावा : तुमच्या घरात आणि पुस्तकातल्या घरात काय वेगळं होतं? सांगणारा क्षणभर थबकतो आणि मग बहुतेक वेळा फार नेमकं बोलतो. ‘आमच्या आत्याला शिकवलं, पण नोकरी करू दिली नाही’ हे वाक्य प्रभाच्या पात्राला जाऊन भिडतं. ‘अस्संच झालं होतं’ने ते काम होत नाही.

दुसरा प्रकार : ‘वाचून डोळ्यांत पाणी आलं.’ खरं असतं, पण त्यात पुस्तकाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. कोणत्या परिच्छेदाला पाणी आलं, त्याच्या आधीच्या पानावर काय होतं, आणि लेखकाने तिथे किती कमी शब्द वापरलेत, हे विचारलं की प्रतिक्रिया उभी राहते. पुष्कळदा असं दिसतं की जिथे लेखक रडत नाही तिथे वाचक रडतो. ते दाखवून देता आलं तर ती कुठल्याही परीक्षणाला लाजवणारी नोंद होते.

तिसरा, आणि हा मला मनापासून खटकतो : ‘घरचं भांडण चव्हाट्यावर का मांडलं?’ स्त्रीने लिहिलेल्या आठवणींना हा प्रश्न जास्त येतो. सुनीता देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’ला (1990) मिळालेला प्रतिसाद आठवून पाहा. पुष्कळ वाचक पुलंची बाजू घ्यायची की सुनीताबाईंची, याच वादात अडकले. पुस्तकाची भाषा, त्यातला स्वतःकडेही तितक्याच कठोरपणे पाहणारा सूर, आठवणींची उलटसुलट रचना, यावर त्या मानाने कमी बोललं गेलं. दलित लेखिकेच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते : घरातल्या पुरुषांबद्दल लिहिलंत तर बाहेरच्यांच्या हाती कोलीत मिळेल. या आक्षेपामागे भीती आहे, आणि ती निराधार नाही. बैठकीत त्याला ‘मागास विचार’ म्हणून झटकू नये. पुस्तकाकडे वळवावं : लेखिकेने तो प्रसंग कोणत्या संदर्भात ठेवलाय, त्याच प्रकरणात तिने घराबाहेरच्या अन्यायाचं काय सांगितलंय, दोन्हींचं वजन कसं ठेवलंय. उत्तर पानांवर शोधावं लागतं आणि ते सापडतं.

चौथा प्रकार ‘आता तसं काही राहिलं नाही’. हे वाक्य नेहमी ज्याला तसं कधी सोसावं लागलं नाही तोच म्हणतो. अशा वेळी बोलणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा पुस्तकातलं साल विचारावं. प्रसंग कोणत्या वर्षीचा, पुस्तक कोणत्या वर्षीचं, आपण वाचतोय कोणत्या वर्षी. तीन आकडे फळ्यावर लिहिले की चर्चा जमिनीवर येते.

नागपुरात एक सोय आहे जी इतर ठिकाणी नाही : काही पुस्तकांमधली जागा आपल्या पायाखाली आहे. वसंत मून यांचं ‘वस्ती’ (1995) सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्याचं, पुढे ज्याला आनंदनगर म्हणायला लागले त्या वस्तीचं पुस्तक आहे. मून 1932 मध्ये इथेच जन्मले. आंबेडकरांच्या समग्र लेखनाच्या शासकीय खंडांचं संपादन ही त्यांची मोठी ओळख, पण नागपूरच्या वाचकाने त्यांना आधी या पुस्तकातून भेटावं असं मला वाटतं. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्याच्या आधीची कित्येक वर्षं इथल्या गल्ल्यांत काय चाललं होतं ते त्यातून कळतं. आखाडे, सभा, मुलांची शिक्षणं, घरातली उपासमार, सगळं. हे वाचून वस्तीत जाऊन यावंसं वाटलं तर जरूर जावं, पण हाती पुस्तक घेऊन घरांचे फोटो काढत हिंडू नये. तिथे आज माणसं राहतात. जाऊन तपासण्यासारखं काय? अंतरं. वस्तीपासून शाळा किती लांब, बाजार किती, रेल्वे किती. चालत जाऊन मिनिटं मोजली की पुस्तकातल्या मुलाची रोजची पायपीट अंगाला कळते. इमारती बदलल्यात, अंतरं तीच आहेत.

बोलीचा मुद्दा प्रतिक्रियांमधून पार निसटतो. छापील वऱ्हाडी डोळ्यांनी वाचताना प्रमाण मराठीसारखी वाचली जाते. प्रत्येक बैठकीत दोन पानं मोठ्याने वाचावीतच, आणि ज्याच्या घरात ती बोली आहे त्याने वाचावीत. नागपूर शहरातली ‘करून राहिला’ची मराठी आणि यवतमाळ-अमरावतीकडची वऱ्हाडी या सारख्या नाहीत, हे ऐकल्यावर ताबडतोब कळतं. नाटकातली मुंबईहून आलेली सून आणि वाड्यातली माणसं यांच्या बोलण्यातला फरक हा निम्मा संघर्ष आहे, तो कानावर पडला नाही तर अंजली नुसतीच तुसडी वाटते. ‘आयदान’ वाचताना उलटं होतं : ‘आये’ म्हणणारं घर ‘माय’ म्हणणाऱ्या वाचकाला परकं वाटतं. अनोळखी शब्दांची वेगळी यादी करावी, पण बैठकीत ती वाचत बसू नये. आधीच सगळ्यांना पाठवावी. पंधरा-वीस शब्द पुरतात.

मोठ्याने वाचायचं तर आणखी एक गोष्ट. एप्रिल-मेमध्ये बैठक असेल तर कूलर वाचणाऱ्याच्या आवाजावर मात करतो. वाचणाऱ्याला कूलरच्या समोर न बसवता विरुद्ध भिंतीशी बसवावं, आणि वाचनाची दहा मिनिटं पंखा बंद करून नुसतं पाणी चालू ठेवलं तरी चालतं. त्या महिन्यांत बैठक सकाळी साडेसात-आठला घ्यावी. दुपारी चारची वेळ छापून ठेवली की निम्मी माणसं येत नाहीत आणि दोष पुस्तकाला मिळतो.

गट आठ ते बारा जणांचा. त्याहून मोठा झाला की चार-पाच जणच बोलतात. दोन तासांची आखणी अशी बरी पडते : दहा मिनिटं वाचन, चाळीस मिनिटं वस्तूंच्या नोंदी (प्रत्येकाने एकच, तीन मिनिटांत), तीस मिनिटं फरक, उरलेला वेळ मोकळा. ‘हे खरंच घडलं का’ हा प्रश्न मोकळ्या वेळेत विचारू द्यावा, दाबू नये. तोवर हाताशी इतका मजकूर असतो की प्रश्न आपोआप बदलतो.

लेखी प्रतिक्रिया. लेखकाला पत्र लिहायचं असेल तर ते प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवावं, घरचा पत्ता शोधत बसू नये, तो माहीत असला तरीही. ज्येष्ठ लेखकांसाठी टाईप केलेलं पत्र चौदा पॉइंटमध्ये, एका पानात. सा. न. वि. वि. झाल्यावर तिसऱ्या ओळीत मुद्द्यावर यावं. आपण किती वर्षं वाचतो, कुठे नोकरी करतो, किती पुस्तकं घरी आहेत हे लेखकाला नको असतं. एक प्रसंग घ्यावा, तो कथेत कसा आणि आठवणींत कसा ते चार-पाच वाक्यांत सांगावं, आणि त्या फरकाने आपल्या वाचण्यात काय झालं ते लिहावं. वाईट वाक्याचा नमुना : ‘आपण आपल्या मातोश्रींचे हुबेहूब चित्र कादंबरीत रेखाटले आहे.’ या वाक्याने कादंबरीकाराला फोटोग्राफर ठरवलं, आणि ज्या बाईला आपण कधी पाहिलं नाही तिच्याशी साम्य असल्याची ग्वाहीही दिली. तेच असं लिहिता येतं : ‘कादंबरीतली आई शेवटपर्यंत दाराबाहेर जात नाही. आठवणींच्या पुस्तकात मात्र ती बाजारात, दवाखान्यात, शाळेत दिसते. तिला कादंबरीत घरात ठेवल्यामुळे उंबरठ्यावरचा तो एक प्रसंग मला विसरता आला नाही.’ (हे नमुन्यापुरतं, कोणत्याही विशिष्ट पुस्तकातलं नव्हे.) लेखकाने उत्तर द्यावं म्हणून प्रश्न विचारू नयेत. त्यातही हयात नातेवाइकांबद्दल तर मुळीच नाही. ‘आपले बंधू आता कुठे असतात?’ हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असला तरी तो वाचकाच्या कक्षेबाहेरचा आहे.

नियतकालिकासाठी लिहायचं तर सहाशे ते आठशे शब्द. विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’सारख्या अंकासाठी दीर्घ लेखही लिहिता येतो, पण तिथे दोन पुस्तकांचा गोषवारा देण्यात निम्मा लेख घालवू नये. संघ 1923 पासूनचा, त्याचा वाचक पुस्तकं वाचलेला असतो. गोषवारा सहा ओळींत. अवतरणं तीनपेक्षा जास्त नकोत, प्रत्येक अवतरणाला आवृत्ती आणि पान. समाजमाध्यमांवर टाकताना पुस्तकाच्या पानांचे फोटो टाकायची सवय लागली आहे, ती मोडावी. एक-दोन वाक्यं उद्धृत करणं वेगळं आणि आठ पानं टाकणं वेगळं. शिवाय पानाच्या फोटोवर लोक ‘वा’ म्हणून पुढे जातात, तीच दोन वाक्यं हाताने उतरवून खाली आपली नोंद लिहिली तर दोघे-चौघे उत्तर देतात.

आणि वही जपून ठेवावी. पानाच्या कोपऱ्यात वाचल्याची तारीख टाकावी. आठ-दहा वर्षांनी तीच दोन पुस्तकं पुन्हा हाती घेतली की चौथ्या रकान्याखाली वेगळ्या शाईने नवी ओळ लिहावी, जुनी खोडू नये.